हळदीच्या कॅप्सूल, ब्ल्यूबेरीची पावडर आणि बंद पडलेलं सकाळचं फिरणं

एका वाचक ताईंचं मोठं पत्र आलंय, ते थोडक्यात देते. वय ५१, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात राहतात, घर शाकाहारी. आईला सत्तरीत अल्झायमरचं निदान झालं, शेवटी शेवटी ती लेकीला ओळखतही नव्हती, दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून ताईंना एकच भीती, आपल्यालाही हेच होणार. अमेरिकेतला भाऊ कर्क्युमिनच्या (म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या) कॅप्सूल आणि ब्ल्यूबेरीची पावडर पाठवतो, त्यात ताईंनी स्वतः ब्राह्मी, अश्वगंधा, अक्रोड, ग्रीन टी आणि हळद-मिरीचा काढा अशी भर घातली आहे. महिन्याला पाच-सहा हजार जातात आणि सकाळचा दीड तास. त्या दीड तासामुळे मैत्रिणींबरोबरचं फिरणं बंद झालंय. आठ वर्षांपासून डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, बीपीचीही गोळी आहे. अलीकडे माणसांची नावं पटकन आठवत नाहीत, तळपायाला मुंग्या येतात, थकवा असतो. नवरा म्हणतो हे सगळं बंद कर, भाऊ म्हणतो डोस वाढव. ताई विचारतात, "यातलं नेमकं काय ठेवू? आणि आईला हे सगळं वेळेवर दिलं असतं तर ती अशी झाली नसती का?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्या काढ्याच्या पातेल्यात खरं तर तोच उकळतोय असं मला वाटलं. आईला हळद-दूध, ब्राह्मी, अक्रोड वेळेवर दिलं असतं तर तिचा आजार टळला असता का? नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाहीये. अल्झायमरमधे मेंदूत जे बदल होतात ते लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेले असतात, म्हणजे आई पन्नाशीत होती, घर चालवत होती, तुमच्या लग्नाची, बाळंतपणाची धावपळ करत होती तेव्हापासून. आणि आजार सुरू झाल्यावर तो थांबवेल असा खाण्यातला एकही पदार्थ आजवर सापडलेला नाही. कर्क्युमिन तर थेट अल्झायमरच्या पेशंटना देऊन बघितलंय. कॅलिफोर्नियातल्या एका चाचणीत, तिचे निष्कर्ष २०१२ मधे आले, ३६ जण होते, काहींना रोज २ ग्रॅम, काहींना ४ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन आणि काहींना नुसती दिसायला तशीच गोळी, २४ आठवडे. स्मरणशक्तीत काही फरक पडला नाही. त्याआधी २००८ मधे हाँगकाँगच्या चाचणीतही तेच झालं होतं. आता हिशोब बघा, हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं, म्हणजे २ ग्रॅम कर्क्युमिनसाठी रोज साठ-पासष्ट ग्रॅम हळद खावी लागेल. इतकं देऊनही जे झालं नाही ते तुमच्या हातच्या एक कप दुधाने झालं असतं, असं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आईला भरवलंत, सांभाळलंत, आणि तुमच्या हातून काही राहून गेलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट, "आईला झाला म्हणजे मलाही होणारच" ही. आईवडिलांना झाला असेल तर धोका थोडा वाढतो हे खरं आहे. पण बिघडलेला एखादा जीन आई किंवा बाबांकडून आला की मुलाला आजार जवळजवळ अटळ, असा प्रकार जगात फार थोड्या कुटुंबांत असतो आणि तिथे तो बहुतेक चाळिशी-पन्नाशीतच दिसतो. तुमच्या आईचा सत्तरीतला आहे. म्हणजे धोका आहे, पण काही ठरून गेलेलं नाही, आणि अशा ठिकाणी आपल्या हातात बऱ्यापैकी गोष्टी असतात, त्याबद्दल खाली लिहिते.

हळदीबद्दल तुम्हाला जो मेसेज आलाय, "भारतात हळद खातात म्हणून अल्झायमर कमी", त्याच्या मुळाशी हरयाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमधला एक अभ्यास आहे, २००१ मधे छापून आलेला. तिथे अल्झायमरचं प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका भागापेक्षा खूप कमी दिसलं. हे खरंच झालं होतं. पण त्या अभ्यासात कोणी किती हळद खातं हे मोजलेलंच नव्हतं, आणि आयुर्मान कमी असणं, आजार झालेली माणसं लवकर जाणं, पाहणीचा काळ लहान असणं ही कारणं असू शकतात असं त्या संशोधकांनीच म्हटलं होतं. हळद त्यात नंतर लोकांनी जोडली. २०२३ मधे देशभरच्या पाहणीचा मोठा अंदाज आला, त्यात साठीच्या पुढच्या दर शंभरात सातपेक्षा जास्त जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि बुद्धी ढासळत जाणं, अल्झायमर हा त्यातलाच मुख्य प्रकार) आहे असं निघालं. हळद खाणाऱ्याच देशात.

मग वनस्पतींमधल्या या घटकांमधे काहीच नाही का? आहे, आणि इथे मला तुमच्या मिस्टरांशीही थोडं भांडायचंय, कारण "सगळं थोतांड आहे" हेही बरोबर नाही. झाड पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे ऊन, किडे, बुरशी यांच्याशी लढायला ते स्वतःच्या आत रसायनं बनवतं. जांभळाचा जांभळा रंग, आवळ्याचा तुरटपणा, कारल्याचा कडूपणा, कांद्याचा झोंबरेपणा, हे सगळं त्यातून आलेलं. प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर यातल्या कितीतरी रसायनांनी सूज कमी केलीय, अल्झायमरमधे मेंदूत साचणारं प्रोटीन कमी केलंय. हे प्रयोग खोटे नाहीत. अडचण पुढे येते, माणसाच्या पोटात गेल्यावर. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही, आणि जे जातं त्याची लिव्हर लगेच विल्हेवाट लावतं. जांभळाच्या रंगद्रव्याचंही तेच, थोडंसं शोषलं जातं आणि बाकीचं मोठ्या आतड्यात जाऊन तिथले जंतू त्याचे बारीक तुकडे करतात, ते तुकडे मग रक्तात जातात. त्यामुळे काचेच्या नळीत पेशींवर थेट ओतलेल्या रसायनाचा गुण बघून तोच गुण कॅप्सूलच्या डबीवर छापणं बरोबर नाही.

फायदा जिथे दिसतो तिथे तो बराचसा रक्तवाहिन्यांच्या वाटेने येतो. चहा, कोको, सफरचंद, द्राक्षं यांत जी फ्लॅव्हॅनॉल नावाची द्रव्यं असतात ती रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवायला मदत करतात, आणि मेंदू हा शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असून रक्तपुरवठ्याचा मोठा वाटा खाणारा अवयव आहे, तेव्हा जे हृदयाला बरं ते मेंदूला बरं हे बऱ्यापैकी खरं ठरतं. २०२३ मधे अमेरिकेत साडेतीन हजारांवर ज्येष्ठ लोकांवर कोकोतल्या फ्लॅव्हॅनॉलची चाचणी झाली. त्यात ज्यांचं रोजचं खाणं आधीच बरं होतं त्यांना कॅप्सूलने काही फरक पडला नाही, ज्यांच्या जेवणात ही द्रव्यं अगदी कमी होती त्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचणीत थोडी सुधारणा दिसली. मला यातून कळतं ते असं की ताटात कमतरता असेल तर ती भरून काढल्याचा उपयोग होतो, भरलेल्या ताटात वर आणखी ओतून तो होत नाही. आणि तुमचं ताट, तुम्ही जे रोजचं जेवण लिहिलंय त्यावरून, बऱ्यापैकी भरलेलं आहे.

आता तुमची यादी घेते. कर्क्युमिनच्या बाजूनेही एक चाचणी आहे, ती लपवत नाही, २०१८ मधे डिमेन्शिया नसलेल्या ४० जणांपैकी सुमारे निम्म्यांना जास्त शोषली जाईल अशी खास गोळी दीड वर्ष दिली आणि त्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली. पण चाळीसच माणसं, आणि तेवढ्यावर आयुष्यभर गोळी घ्या असं म्हणता येत नाही. शिवाय तुमच्या बाबतीत मला त्या कॅप्सूलची काळजी वाटते. त्यात मिरीतलं पिपरीन घातलेलं आहे असं तुम्ही लिहिलंय. पिपरीनने कर्क्युमिन रक्तात कितीतरी जास्त जातं हे खरं आहे, हे आपल्याकडेच बंगळुरूमधे १९९८ मधे दाखवलं गेलं, एकाच डोसनंतर वीसपट. पण तेच पिपरीन काही औषधं शरीरातून बाहेर पडण्याचा वेगही कमी करतं, आणि तुम्ही शुगर आणि बीपी दोन्हीच्या गोळ्यांवर आहात. आणि गेल्या काही वर्षांत इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांमधे लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदवल्या गेल्यात. अश्वगंधेबद्दलही तशा नोंदी आहेत, आपल्या देशातल्यासुद्धा. फार जणांना होतं असं नाही, पण तुम्ही दोन्ही एकत्र घेताय आणि डॉक्टरांना त्यातलं एकही सांगितलेलं नाही, हे मला पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. तेव्हा या दोन्ही आत्ता थांबवा आणि पुढच्या भेटीत सगळ्या डब्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. लोक म्हणतात "आयुर्वेदिक आहे, त्यात काय सांगायचं", तर तेच सांगायचं. जे कोणी वाचक रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात त्यांनी तर हळदीच्या कॅप्सूलला हात लावायच्या आधी विचारायलाच हवं, आणि वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजीसुद्धा एकदम वाढवू किंवा कमी करू नये, कारण त्यातलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं.

ब्राह्मीचं म्हणाल तर आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात, एक ओलसर जागी पसरणारी गोल पानांची मंडूकपर्णी आणि दुसरी बारीक जाडसर पानांची जलब्राह्मी. अभ्यास झालेत ते जास्त दुसरीवर, निरोगी माणसांत लक्ष आणि आठवण यात किंचित फायदा दिसतो, डिमेन्शिया टळतो असं कोणी दाखवलेलं नाही. वनस्पतींच्या गोळ्यांमधली सगळ्यात मोठी परीक्षा गिंको या चिनी झाडाच्या पानांच्या अर्काची झाली, २००८ मधे तिचे निष्कर्ष आले, तीन हजारांहून जास्त वृद्ध, सरासरी सहा वर्षं, आणि डिमेन्शिया होण्यात काहीच फरक नाही. अक्रोड चांगलेच आहेत, पण ते खाल्ल्याने निरोगी ज्येष्ठांची स्मरणशक्ती टिकते का हे दोन वर्षं तपासलं तेव्हा एकूण फरक दिसला नाही. तेव्हा आवडत असतील तर खा, परवडत नसतील तर मूठभर शेंगदाणे खा आणि अपराधी वाटून घेऊ नका. ग्रीन टी आवडीने पीत असाल तर ठीक, नाक दाबून पीत असाल तर सोडून द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. ताई, नावं न आठवणं, तळपायाला मुंग्या, थकवा, शाकाहारी जेवण आणि आठ वर्षं मेटफॉर्मिन. हे सगळं एका ओळीत वाचलं की माझ्या मनात पहिलं नाव अल्झायमरचं येत नाही, बी-१२ चं येतं. तुम्ही इतक्या वनस्पती गोळा केल्यात आणि मेंदूला, नसांना हवं असलेलं हे एक व्हिटॅमिन वनस्पतींमधे नसतंच. पालकात नाही, हळदीत नाही, अक्रोडात नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यातून मिळतं, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की आहे तेही कमी शोषलं जातं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांची रक्तं तपासली होती, २००६ मधे ते प्रसिद्ध झालं, तीनातल्या दोघांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर शंभरात ऐंशीच्या आसपास. म्हणजे आपल्यासारख्या घरांमधे हे किती कॉमन आहे बघा. याची कमतरता असेल तर विसराळूपणा येतो, मुंग्या येतात, चिडचिड होते, आणि लवकर लक्षात आलं तर गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने बरंचसं भरून येतं. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. म्हणून हे पत्र वाचून झालं की याच आठवड्यात डॉक्टरांना बी-१२, थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची शुगर करायला सांगा. मुंग्या डायबेटिसनेही येतात, पन्नाशीत पाळी जाताना झोप बिघडते त्यानेही नावं आठवेनाशी होतात, त्यामुळे काय आहे ते रिपोर्ट आणि डॉक्टर ठरवतील. मी आहारावर लिहिते, मी डॉक्टर नाही, पण ही टेस्ट राहून जाऊ नये असं मला फार मनापासून वाटतं.

आणि ते फिरणं. डिमेन्शिया टाळण्यासाठी काय करता येईल यावर लॅन्सेट या मेडिकल जर्नलच्या आयोगाचा २०२४ मधे अहवाल आला, त्यात बदलता येतील अशी १४ कारणं दिलीत आणि ती सगळी आयुष्यभर सांभाळली तर जगातल्या जवळजवळ ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात असा अंदाज मांडलाय. त्या यादीत डायबेटिस आहे, बीपी आहे, वाईट कोलेस्टेरॉल, बहिरेपणा, न सुधारलेली नजर, डिप्रेशन, तंबाखू, जास्त दारू, लठ्ठपणा, डोक्याला मार, प्रदूषण, कमी शिक्षण, व्यायाम नसणं आणि माणसांपासून तुटणं हे सगळं आहे. त्यात एकही कॅप्सूल नाही. तुम्ही मैत्रिणींबरोबर चालत होतात तेव्हा व्यायाम, माणसं आणि शुगर-बीपी, चार गोष्टी एका तासात सांभाळल्या जात होत्या, आणि ते सोडून तुम्ही काढा उकळत उभ्या राहिलात. २०११ मधल्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालायला लावलं, तर मेंदूतला आठवणी साठवण्याशी संबंधित भाग, हिप्पोकॅम्पस, साधारण २ टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा वयानुसार आक्रसला. एवढ्या एका प्रयोगावर सगळं ठरत नाही हे इथेही लागू आहे, पण चालण्याचे बाकीचे फायदे इतके पक्के आहेत की वाट बघायचं कारण नाही. उद्याच मैत्रिणींना फोन करा.

मग स्वयंपाकघरात काय ठेवायचं, तर आपलंच जेवण, फक्त थोडं नीट. सगळ्यात आधी पालेभाजी रोज. शिकागोच्या संशोधकांनी २०१८ मधे ९६० वृद्धांची माहिती मांडली, रोज साधारण एक वाटीभर पालेभाजी खाणाऱ्यांची स्मरणशक्ती न खाणाऱ्यांपेक्षा जवळजवळ ११ वर्षांनी तरुण असल्यासारखी होती. ही नुसती पाहणी आहे, पालेभाजी खाणारी माणसं बाकीही काळजी घेत असतील, पण मेथी, माठ, शेपू, अंबाडी, पालक, चाकवत यात धोका काहीच नाही आणि जुडी अजूनही बऱ्यापैकी स्वस्त मिळते. त्यातलं ल्युटिन नावाचं द्रव्य मेंदूत आणि डोळ्यांत साठतं, ते तेलाबरोबरच नीट शोषलं जातं, त्यामुळे फोडणी टाकायला घाबरू नका, नुसती उकडून पाणी ओतून देऊ नका. हळदीचंही तसंच, ती तेलात विरघळते आणि मसाल्यात मिरी असतेच, म्हणजे फोडणीच्या वरणात जे व्हायचं ते होतंय, वेगळा काढा नको.

ब्ल्यूबेरीच्या पावडरीचं तुमच्या भावाला सांगा की तोच जांभळा रंग इकडे उन्हाळ्यात करवंदात, पावसाच्या तोंडाशी जांभळात, थंडी सरताना काळ्या द्राक्षांत आणि बारा महिने वांग्याच्या सालीत आहे. शुगरमुळे द्राक्षं मोजकी खा, जांभळं वाटीभर चालतील. थंडीत आवळा, उन्हाळ्यात साखर न घातलेलं कोकम. जवस भाजून कुटून चटणी करा, अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात. डाळी, उसळी, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा हे तुमच्याकडे आहेच, आणि भात-पोळी थोडी कमी करून उसळ वाढवली तर शुगरलाही बरं. हळद मात्र सुटी, भडक पिवळी घेऊ नका. बांगलादेशात २०१९ मधे असं उघडकीला आलं की रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत शिशाचं क्रोमेट मिसळलं जात होतं, आणि शिसं तर थेट मेंदूलाच विष. जमलं तर सांगली किंवा वायगावची हळकुंडं आणून कांडपावरून कुटून घ्या, नाहीतर खात्रीच्या कंपनीचं बंद पाकीट घ्या.

याहून वेगळा "ब्रेन डाएट" असा घरात सुरू करू नका. २०२३ मधे माइंड डाएटची (मेंदूसाठी म्हणून पालेभाज्या, बेरी, सुकामेवा यांवर भर देणाऱ्या आहाराची) चाचणी झाली, ६०४ ज्येष्ठ माणसं, सगळ्यांच्या घरात डिमेन्शिया झालेला, म्हणजे त्या बाबतीत तुमच्यासारखी. तीन वर्षांनी त्या खास आहारवाल्यांत आणि नुसतं थोडं कमी खाणाऱ्यांत ठळक फरक निघाला नाही, दोन्ही गट थोडे सुधारले. तीन वर्षं हा लहान काळ आहे, त्यामुळे आहाराला अर्थ नाही असं मी म्हणणार नाही, पण सगळ्यांसाठी वेगळा नाश्ता करून तुम्ही स्वतः उभ्याने खाता असं तुम्ही लिहिलंय, ते बंद करा. घराचा मेंदू जपायची जबाबदारी एकट्या बाईच्या ओट्यावर नाही, मिस्टर आणि मुलगा दोघंही पालेभाजी निवडू शकतात.

भावाशी भांडू नका. तो लांब आहे, आईच्या शेवटच्या दिवसांत नव्हता, कॅप्सूल पाठवणं हीच त्याची काळजी करायची पद्धत आहे. त्याला म्हणा, या पैशात वर्षातून एकदा माझी पूर्ण तपासणी कर, डोळे आणि कान धरून. कान मुद्दाम म्हणते. ऐकू कमी येणाऱ्या आणि धोका जास्त असलेल्या ज्येष्ठांमधे श्रवणयंत्रामुळे तीन वर्षांत मेंदूची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावल्याचं २०२३ मधे एका चाचणीत दिसलंय, आणि आपल्याकडे लोक चष्मा लावतात पण कानाचं मशीन लावायला लाजतात. त्याचंही वय वाढतंय, आई त्याचीही होती, तेव्हा बीपी आणि कोलेस्टेरॉल त्यानेही तपासून घ्यावं.

रक्ताचे रिपोर्ट आले की मला कळवा. बी-१२ कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस गोळ्या किंवा इंजेक्शनं पूर्ण करा, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, आणि मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करू नका, शुगर वाढली तर मेंदूचं नुकसान जास्त. सगळं नॉर्मल निघालं आणि तरीही सहा महिन्यांनी विसरणं वाढलेलं वाटलं, म्हणजे रोजचा रस्ता चुकायला लागला, गॅसचं, पैशांचं गणित बिघडायला लागलं, घरच्यांनाही ते जाणवायला लागलं, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि मिस्टरांना बरोबर घेऊन जा, कारण अशा वेळी बघणारा दुसरा माणूस जास्त नीट सांगतो.